घरगुती बिअरची सुरुवात: यीस्ट पडण्याआधीचे आणि नंतरचे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण वाळूजच्या एका कारखान्यात अभियंता आहात, गाव परभणी जिल्ह्यात आहे, घरी ज्वारीची शेती आहे, आणि काही महिन्यांत कंपनी आपल्याला दोन वर्षांसाठी जर्मनीत श्टुटगार्टला पाठवणार आहे. घरी बिअर तयार करणे शिकण्याची इच्छा आहे. तेव्हा सुरुवात आत्ताच छत्रपती संभाजीनगरच्या सदनिकेत करावी का, साहित्य कोणते घ्यावे, आणि घरच्या ज्वारीची बिअर होईल का, हे तीन प्रश्न आपण विचारले आहेत. मी या भागातील बिअरच्या कारखान्यात माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) शिजवण्याच्या विभागात दीर्घकाळ काम केले असून ब्रिटनमधील वास्तव्यात घरीही बिअर केली आहे. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल. महाराष्ट्रात विनापरवाना मद्यनिर्मितीला महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये मनाई आहे, आणि त्यात ‘घरच्यापुरती, विक्रीसाठी नव्हे’ अशी बिअरला सवलत नाही. कलम ६५ केवळ तयार मद्यापुरते थांबत नाही. मद्य तयार करण्याच्या हेतूने साहित्य, भांडी किंवा उपकरणे बाळगणे हाही गुन्हा ठरतो. इंटरनेटवर माल्ट आणि हॉप्स (बिअरला कडूपणा व सुगंध देणारी वेलीची फुले) सहज मिळतात, म्हणून त्यांची बिअर करणेही चालते, असा समज शहरातील तरुणांत दिसतो. तो चुकीचा आहे. म्हणून किण्वनाची, म्हणजे आंबवण्याची, टाकी, हवा बाहेर सोडणारी झडप आणि यीस्टची पाकिटे येथे घेऊ नका. मात्र बिअर ही यीस्ट पडल्यावर होते; त्याआधी जे असते ते माल्टचे गोड पाणी असते, ज्याला आम्ही वर्ट म्हणतो. त्यात अल्कोहोल नसते. धान्य भरडणे, ठरावीक तापमानाला भिजवून त्यातील पिष्टाची साखर करणे, गाळणे, उकळणे आणि मोजमाप करणे ही निम्मी विद्या आपल्याला स्वयंपाकघरात राजरोस शिकता येते, आणि माझ्या अनुभवात नवशिक्यांची बिअर बहुधा याच निम्म्या भागात बिघडते. उरलेली निम्मी श्टुटगार्टला शिका.

एक पथ्य मात्र पाळावे लागेल. वर्ट तयार झाला की त्याच दिवशी लिंबू पिळून सरबतासारखा पिऊन टाका, किंवा गोठवा. आपल्याकडील उन्हाळ्यात उघडा राहिलेला वर्ट रात्रभरात हवेतील जंतूंनी आपोआप आंबू लागतो, आणि असे आंबलेले भांडे घरात असणे कायद्याच्या दृष्टीनेही बरे नव्हे आणि पोटाच्या दृष्टीनेही नव्हे.

आता पाणी. नवशिके लोक हॉप्सच्या जातींवर तासन्‌तास चर्चा करतात आणि पाण्याला गृहीत धरतात. मराठवाड्यातील माणसाने तरी तसे करू नये. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, आणि जुन्या काळी कोणत्या गावात कोणती बिअर होणार हे बरेचसे तिथल्या पाण्याने ठरवले. बोहेमियातील पिल्झन येथे १८४२ मध्ये फिकट सोनेरी लागर (थंडाव्यात सावकाश आंबवलेली बिअर) तयार झाली, तिला तिथल्या अत्यंत मृदू पाण्याची साथ होती. इंग्लंडमधील बर्टन येथील जिप्समयुक्त पाण्यात हॉप्सचा कडूपणा स्वच्छ आणि ठसठशीत उतरतो. डब्लिनचे पाणी अल्कधर्मी, म्हणून तिथे भाजलेल्या धान्याची काळी स्टाउट जमली, कारण भाजलेले धान्य आम्लधर्मी असते आणि पाण्यातील अल्कता तेच भरून काढते. आपल्या काळ्या पाषाणातील बोअरचे पाणी या तिसऱ्या प्रकाराच्या जवळचे असते. त्यात बायकार्बोनेटचे प्रमाण जास्त असते. गिझरच्या कॉइलवर आणि चहाच्या पातेल्याच्या तळाशी जमणारा पांढरा थर त्याचाच. अशा पाण्यात फिकट माल्ट भिजवले, तर मिश्रणाचा सामू (पीएच) जिथे ५.२ ते ५.६ च्या दरम्यान हवा तिथे तो वर राहतो, विकरांचे (एन्झाइमांचे) काम मंदावते आणि टरफलातील तुरट द्रव्ये उतरतात. मग बिअर चहा जास्त उकळल्यासारखी जीभ ओढते, आणि करणारा माणूस माल्टला दोष देत बसतो.

टीडीएस मीटरवर विसंबू नका. आरओचे यंत्र विकणारे प्रत्येक घरी तो बुडवून दाखवतात, परंतु तो विरघळलेल्या क्षारांची अंदाजे बेरीज सांगतो, अल्कता किती हे सांगत नाही. सरावासाठी सोपा उपाय असा की आरओचे पाणी घ्यावे आणि ८ लिटरमागे दीड ते दोन ग्रॅम जिप्सम घालावे, कारण आरओमध्ये कॅल्शियम जवळपास उरत नाही आणि विकरांना ते हवे असते. हे जिप्सम खाद्य दर्जाचे असावे, चोपण जमिनीत टाकण्यासाठी कृषी सेवा केंद्रात मिळणाऱ्या पोत्यातील नव्हे. नळाचे पाणी जायकवाडीचे असल्याने बोअरपेक्षा पुष्कळ बरे, पण त्यात क्लोरीन असते. किण्वनाच्या वेळी क्लोरीनचा आणि माल्टमधील फिनॉलचा संयोग झाला की बिअरला दवाखान्यातील जंतुनाशकाचा वास येतो, आणि तो अगदी अत्यल्प प्रमाणातही नाकाला जाणवतो. आपण येथे यीस्ट वापरणार नाही, त्यामुळे हा दोष दिसणार नाही. तरीही पाणी आदल्या दिवशी उकळून, निवळून, फक्त वरचे पाणी ओतून घेण्याची सवय आत्ताच लावून घ्या. उकळल्याने साधा क्लोरीन उडतो आणि बायकार्बोनेटचा काही भाग तळाशी बसतो.

थर्मामीटर चांगला डिजिटल घ्या आणि तो उकळत्या पाण्यात तपासा. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंच आहे, त्यामुळे येथे पाणी सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळते. तिथे १०० दाखवणारा थर्मामीटर दोन अंशांनी खोटा आहे. या कामात दोन अंश म्हणजे थोडेथोडके नव्हेत, ते पुढे स्पष्ट होईल.

सरावासाठी जवाचे फिकट माल्ट १.२ किलो घ्या. माल्ट म्हणजे भिजवून, मोड आणून, ठरावीक टप्प्यावर वाळवलेले धान्य. मोड येताना दाण्यात पिष्टाचे साखरेत रूपांतर करणारी विकरे तयार होतात आणि वाळवल्यावर ती तशीच सुप्त राहतात. हे माल्ट भरडायचे आहे, दळायचे नाही. टरफल शक्यतो अखंड राहावे आणि आतील दाणा तीन-चार तुकड्यांत फुटावा. मिक्सरमध्ये त्याचे पीठ होते आणि गाळताना लगदा बसतो. घरी जाते असेल तर खुंटा सैल करून त्यावर उत्तम भरडा निघतो. नसेल तर कण्या काढून देणाऱ्या गिरणीत जाड भरडून घ्या, मात्र गिरणीवाल्याला आधी पाट्यांतील पीठ झाडून घ्यायला सांगा.

८ लिटर पाणी ६९ ते ७० अंशांपर्यंत तापवा, पातेल्यात मलमलीची किंवा जाळीची मोठी पिशवी सोडा आणि त्यात भरडा ढवळत ओता. गुठळी राहू देऊ नका. गुठळीच्या आतील पीठ कोरडेच राहते. मिश्रण ६६ ते ६७ अंशांवर स्थिरावले पाहिजे. हे गणित धान्याच्या तापमानावरही अवलंबून असते. मे महिन्यात स्वयंपाकघरातच ३८ अंश असतील, तर पाणी किंचित कमी तापवावे लागेल, आणि डिसेंबरच्या पहाटे किंचित अधिक. पाणी-धान्याचे प्रमाण किलोमागे ३ लिटर असे घट्ट ठेवले, तर मात्र सुरुवातीचे पाणी ७२ अंशांच्या आसपास हवे, कारण तेव्हा तेच धान्य थोडक्या पाण्याला तापवायचे असते.

तापमानाचा एवढा आग्रह कशासाठी? माल्टमध्ये या कामाची दोन मुख्य विकरे असतात. बीटा अमायलेज ६२ ते ६५ अंशांच्या दरम्यान उत्तम काम करते आणि पिष्टाच्या साखळीच्या टोकापासून माल्टोज ही साखर तोडत जाते. माल्टोज यीस्टला पूर्णपणे पचते. अल्फा अमायलेजला ६८ ते ७२ अंश मानवतात आणि ते साखळी मधेच कुठेही तोडते, त्यातून यीस्टला न पचणारे लांब तुकडे उरतात. खालच्या तापमानाची बिअर म्हणून हलकी, कोरडी आणि थोडी अधिक अल्कोहोलची होते, तर वरच्या तापमानाची दाट आणि गोडसर. ६६-६७ हा मधला मार्ग आहे. ७५ च्या वर गेलात की बीटा अमायलेज केव्हाच निकामी झालेले असते आणि अल्फाही त्या वाटेवर असते, आणि एकदा मेलेले विकर थंड केल्याने परत येत नाही. खाली घसरलेले तापमान सावरता येते. वर गेलेल्याला उपाय नाही. म्हणून आच देताना नेहमी कमी द्या.

पातेल्याला जुनी गोधडी गुंडाळून तासभर ठेवा. आपल्या उन्हाळ्यात एका अंशापेक्षा फार उतरणार नाही. तासाभराने वर्टचा एक थेंब पांढऱ्या बशीवर घ्या आणि त्यावर टिंक्चर आयोडिनचा थेंब टाका. रंग निळा-काळा झाला तर पिष्ट शिल्लक आहे, आणखी पंधरा मिनिटे थांबा. आयोडिनचा स्वतःचा तांबूस पिवळा रंगच राहिला तर रूपांतर झाले. थेंबात टरफलाचा कण येऊ देऊ नका, तो नेहमीच काळा पडतो आणि फसवतो. त्यानंतर पिशवी उचलून निथळू द्या.

मोजण्यासाठी आपल्या भागातील माणसाला नवे काही शिकण्याची गरज नाही. साखर कारखान्याशी संबंध आलेल्या कोणालाही ब्रिक्स (द्रवातील साखरेची टक्केवारी) ठाऊक असतो, आणि उसाच्या रसाचा ब्रिक्स पाहण्याचा तोच हातातला रिफ्रॅक्टोमीटर येथे चालतो. वरील प्रमाणात पिशवी काढल्यावर सुमारे ७ लिटर वर्ट मिळतो आणि त्याचा ब्रिक्स साडेआठच्या आसपास असतो. तासभर उघडे उकळल्यावर ५ लिटर उरतो आणि ब्रिक्स १२ च्या जवळ जातो. परदेशातील पुस्तकांत हेच विशिष्ट गुरुत्वात, म्हणजे १.०४८ असे लिहिलेले आढळेल. आकडा फार कमी आला तर पहिला संशय भरड्यावर घ्यावा, दुसरा सामूवर.

उकळी झाकण न ठेवता आणण्याला कारण आहे. फिकट माल्टमध्ये एक गंधकयुक्त पूर्वद्रव्य असते, ज्यापासून उष्णतेने शिजलेल्या मक्याच्या वासाचे द्रव्य तयार होते. ते वाफेबरोबर निघून जायला हवे. पहिली उकळी येताना वर्ट दुधापेक्षाही झपाट्याने उतू जातो, तेव्हा ओट्यापासून हलू नका. सरावाच्या वेळी हॉप्स घालू नका, नाहीतर कडू काढा तयार होईल आणि तो कोणी पिणार नाही. पिशवीतील चोथा मात्र वाया घालवू नका. कारखान्यांतील असा चोथा जनावरांचे खाद्य म्हणून जातोच. घरचा चोथाही शेजारच्या गोठ्यात म्हशीला थोडा थोडा घालता येतो, फक्त त्याच दिवशी, कारण ओला चोथा उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबतो आणि त्याला बुरशी धरते.

मग तो वर्ट २० अंशांपर्यंत उतरवण्याचा सराव करा, आणि येथे घाई करावी लागते. तापमान ६० च्या खाली आल्यापासून वर्टवर जंतू वाढू शकतात, म्हणून तो मधला काळ जितका कमी तितके चांगले. इंटरनेटवरील परदेशी लेखांत तांब्याच्या नळीतून नळाचे पाणी सोडून देण्याची पद्धत सांगितलेली असते. ती आपल्याकडे दोन कारणांनी व्यर्थ आहे. गच्चीवरच्या टाकीतील पाणी मे महिन्यात स्वतःच चाळिशीला टेकलेले असते, आणि काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात असे पाणी गटारात सोडणे मला पटत नाही. ज्या मराठवाड्यात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि त्याच उन्हाळ्यात औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश दिला, तेथे हा हिशेब प्रत्येकाने करायलाच हवा. मोठा कारखाना एका लिटर बिअरमागे साधारण तीन ते पाच लिटर पाणी वापरतो. घरी बेफिकिरीने केले तर ते सहज दहाच्या वर जाते. पातेले पाण्याच्या टबात ठेवा, टबातील पाणी एकदा बदला, दुसऱ्या वेळी त्यात बर्फ घाला आणि वर्ट सावकाश ढवळत राहा. ५ लिटरला अर्धा तास पुरतो. टबातील पाणी धुण्याभांड्याला वापरता येते.

हे सगळे तीन-चार वेळा केल्यावर हात बसतो. नोंदवहीत माल्टचे वजन, पाणी, तापमान, ब्रिक्स आणि उरलेला वर्ट एवढेच लिहा. चवीचे वर्णन त्यात सध्या नको.

श्टुटगार्टला पोहोचल्यावर चित्र बदलते. जर्मनीत स्वतःच्या वापरासाठी घरी बिअर करण्यास मुभा आहे, आणि २०२४ पासून वर्षाला ५०० लिटरपर्यंतच्या अशा बिअरवर कर नाही. त्याआधी ही मर्यादा २०० लिटर होती. विक्री करता येत नाही. पहिला घाणा लावण्यापूर्वी तिथल्या सीमाशुल्क कार्यालयाला कळवावे लागते का, हे तपासून घ्या. श्टुटगार्टच्या पाण्याचा बराच भाग बोडेनसे सरोवरातून येतो, आणि शहराचा पाणीपुरवठा करणाऱ्या संस्था पाण्याचे पृथक्करण प्रसिद्ध करतात. ते पाहून पाण्याचे गणित पुन्हा मांडा. येथे शिकलेले आकडे तेथे जसेच्या तसे वापरू नका.

साहित्याविषयी माझे मत असे की सुरुवात १० लिटरने करावी. २० लिटरची संच-पेटी स्वस्त वाटते, परंतु भाड्याच्या घरातील विजेच्या शेगडीवर तेवढे पाणी उकळायलाच दीड तास जातो आणि बिघडले तर चाळीस बाटल्या बिघडतात. १५-१६ लिटरचे जाड बुडाचे पातेले, जाळीची पिशवी, झाकणाला झडप असलेली खाद्य दर्जाच्या प्लास्टिकची १५ लिटरची बादली, हायड्रोमीटर (विशिष्ट गुरुत्व मोजणारी तरंगती काचनळी), बाटल्या भरण्याची नळी, आणि स्प्रिंगच्या बुचाच्या अर्ध्या लिटरच्या वीस बाटल्या एवढे पुरे. स्वयंचलित विद्युत भांडी दिसायला आकर्षक असतात; पहिल्या वर्षी त्यांची गरज नाही.

खर्चात काटकसर कुठे करू नये, तर स्वच्छतेच्या रसायनांत. धुणे आणि निर्जंतुक करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि मळ राहिलेले भांडे कितीही जंतुनाशक ओतले तरी निर्जंतुक होत नाही. आधी सोडियम परकार्बोनेटसारख्या अल्कधर्मी पावडरने धुवा, मग फॉस्फोरिक आम्लावर आधारित, नंतर धुवावे न लागणारे द्रावण फिरवा. ब्लीच टाळा, त्याचा अंश राहिला की क्लोरीनचा तोच दवाखान्याचा वास येतो. बादली तारेच्या घासणीने घासू नका, कारण ओरखड्यांत जंतूंना घर मिळते. वर्ट थंड झाल्यानंतर त्याला स्पर्श करणारी प्रत्येक वस्तू, चमच्यापासून कात्रीपर्यंत, निर्जंतुक असली पाहिजे. उकळण्यापूर्वी एवढा सोवळेपणा लागत नाही.

१० लिटरसाठी २.३ किलो फिकट माल्ट घ्या, आणि ६ टक्के अल्फा आम्ल असलेले २० ग्रॅम हॉप्स उकळीच्या सुरुवातीला घाला. हॉप्समधील अल्फा आम्ले तासाभराच्या उकळीत रूप बदलून विरघळतात आणि कडूपणा देतात. सुगंध हवा असेल तर आणखी थोडे हॉप्स शेवटच्या पाच मिनिटांत टाकावेत, कारण सुगंधी तेले उकळीत उडून जातात. यीस्ट एल जातीचे, म्हणजे फार थंडी न लागणारे, आणि कोरडे घ्या. ११ ग्रॅमचे एक पाकीट १० लिटरला पुरून उरते. लागरच्या देशात जाऊन एल कशाला, असे आपण विचाराल. लागरचे यीस्ट ९ ते १३ अंशांवर आठवडेच्या आठवडे ठेवावे लागते आणि त्यासाठी वेगळे शीतकपाट लागते. शिवाय कोलोनची कोल्श आणि दक्षिणेची गव्हाची बिअर या जर्मन बिअर एल जातीच्याच यीस्टच्या आहेत.

यीस्ट वर्टमध्ये घालण्याचे तापमान आपल्याकडे घराघरांत कळते: दूध कढत असताना कोणी विरजण लावत नाही. वर्ट १८-२० अंशांना आल्यावरच यीस्ट टाका, आणि नंतर बादली १६ ते १८ अंशांच्या जागी ठेवा. तिथल्या इमारतींच्या तळघरात अशी जागा बहुधा मिळते. खोलीचे तापमान आणि बादलीच्या आतील तापमान एक नसते, हे बहुतेक लोक विसरतात. किण्वनात उष्णता निर्माण होते आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत आतील तापमान बाहेरच्यापेक्षा दोन ते चार अंशांनी वर जाते. २५ च्या पुढे गेले की यीस्ट जड अल्कोहोले बनवते, ज्यांनी बिअरला उग्र, स्पिरिटसारखा वास येतो. हे पहिले तीन दिवसच निर्णायक असतात. त्यानंतर तापमान थोडे वाढले तरी चालते, उलट बरेच, कारण किण्वनाच्या शेवटी यीस्ट स्वतःच तयार केलेले लोण्याच्या वासाचे डायअसिटिल परत शोषून घेते. झाकण उघडून पाहण्याचा मोह आवरा.

झडपेतील बुडबुडे थांबले म्हणजे किण्वन संपले, असे समजू नका. सैल झाकणातूनही वायू निघून जातो. हायड्रोमीटरचे वाचन दोन-तीन दिवसांच्या अंतराने सारखेच आले, तरच ते संपले. १.०४८ वरून १.०१० पर्यंत आले असेल, तर दोन्हींतील फरकाला १३१ ने गुणा, म्हणजे अल्कोहोल सुमारे ५ टक्के मिळते. येथे रिफ्रॅक्टोमीटर सरळ वापरू नका, अल्कोहोलमुळे प्रकाश वेगळा वाकतो आणि ब्रिक्स खोटा दिसतो.

बाटल्या भरण्याची घाई हाच या छंदातील खरा धोका आहे. लिटरमागे ६ ग्रॅम साखर, म्हणजे १० लिटरला ६० ग्रॅम, थोड्या पाण्यात उकळून बिअरमध्ये मिसळली की बाटलीत तेवढाच वायू तयार होतो. किण्वन अर्धवट असताना भरले, किंवा साखर चमच्याने अंदाजे घातली, तर काचेची बाटली फुटते, आणि ती फुटते तेव्हा तुकडे खोलीभर उडतात. साखर वजनानेच मोजा, आणि बाटल्या बिअरच्या किंवा वायूयुक्त पेयाच्याच घ्या; सरबताची पातळ काच दाब सोसत नाही. भरताना नळी तळापर्यंत सोडा, कारण या टप्प्यावर बिअरमध्ये हवा मिसळली की महिन्याभरात ओल्या पुठ्ठ्याची चव येते. दोन आठवडे २० अंशांच्या आसपास अंधारात ठेवा. प्रकाशात हॉप्सची द्रव्ये फुटून दुर्गंध येतो, म्हणून तपकिरी बाटली चांगली, हिरवी किंवा पांढरी नव्हे.

आपल्या घरच्यांना ‘विषारी दारू’ची भीती वाटते असेही आपण लिहिले आहे. हातभट्टीच्या दुर्घटना बहुधा औद्योगिक मिथेनॉलच्या भेसळीने होतात. जव किंवा ज्वारीच्या किण्वनात मिथेनॉल नगण्य तयार होते, आणि बिअर गाळली जात नाही, म्हणजे ऊर्ध्वपातन होत नाही, त्यामुळे ते एकवटण्याचाही प्रश्न नाही. मात्र तयार बिअर गाळून काही ‘कडक’ करण्याच्या वाटेला जर्मनीतही जाऊ नका. तेथे ते बेकायदेशीर आहे.

शेवटचा प्रश्न ज्वारीचा, आणि तो मला सर्वांत आवडला. ज्वारीची बिअर ही नवी कल्पना नाही. दक्षिण आफ्रिकेत ज्वारीचे आंबट, दाट पेय पूर्वापार आहे, आणि नायजेरियाने १९८८ पासून जव व माल्टच्या आयातीवर बंदी घातली तेव्हा तिथल्या मोठ्या कारखान्यांनी ज्वारीवर लागर तयार केली. अडचण दोन ठिकाणी आहे. ज्वारीच्या माल्टमध्ये बीटा अमायलेज फार कमी असते. शिवाय जवाचे पिष्ट साठ-पासष्ट अंशांना फुलते, ज्वारीचे मात्र सत्तरच्या पुढे. म्हणजे विकरांना चालणाऱ्या ६६ अंशांवर ज्वारीचे पिष्ट अजून कोरडेच असते आणि ज्वारीसाठी तापमान वाढवले तर विकरे मरतात. म्हणूनच ज्वारी आधी वेगळी शिजवावी लागते.

घरी ज्वारीला मोड आणून माल्ट करण्याचा विचार असेल, तर सावध राहा. मोड आलेल्या ज्वारीत, विशेषतः कोंब आणि मुळांत, ढुरिन नावाचे द्रव्य असते आणि त्यापासून सायनाइड तयार होते. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावते ते याच द्रव्याने, हे आपल्या वडिलांना चांगले ठाऊक असेल. मोड आणून वाळवलेल्या ज्वारीचे कोंब आणि मुळे चोळून, पाखडून पूर्णपणे काढल्याशिवाय ती वापरू नये. मी तर सांगेन की या फंदात पडूच नका. माल्ट जवाचे घ्या आणि ज्वारी मोड न आणता, कण्यांच्या रूपात वापरा. पांढऱ्या दाण्याची रब्बी ज्वारी यासाठी उत्तम. तांबड्या, तुरट दाण्याच्या जातींतील टॅनिन विकरांना बांधून ठेवते.

हा प्रयोग जाण्यापूर्वी येथेच करून पाहा. एकूण धान्याच्या चौथा हिस्सा ज्वारी घ्या, म्हणजे ९०० ग्रॅम माल्टला ३०० ग्रॅम कण्या. कण्यांत मूठभर माल्टचा भरडा मिसळून त्या दीड लिटर पाण्यात हळूहळू तापवा. त्या मूठभर भरड्याने लगदा पातळ राहतो आणि तळाला लागत नाही. उकळी आल्यावर अर्धा तास, दाणा बोटांत पूर्ण चुरडला जाईपर्यंत शिजवा. मुख्य मिश्रण यासाठी थोडे थंड, ६० ते ६२ अंशांवर, साडेसहा लिटर पाण्यात तयार ठेवा, आणि उकळत्या कण्या त्यात एकदम न ओता, पळीपळीने घालत, प्रत्येक वेळी ढवळून थर्मामीटर पाहत ६६-६७ पर्यंत या. कण्या उरल्या आणि तापमान तेथे पोहोचले, तर उरलेल्या थंड होऊ देऊन मग घाला. आयोडिनची परीक्षा येथे दीड तासाने करा. श्टुटगार्टला नेण्यासाठी घरची ज्वारी पिशवीत भरू नका. युरोपात धान्य आणि बियाणे नेण्यावर वनस्पती-आरोग्याचे निर्बंध आहेत. तेथील भारतीय आणि आफ्रिकी किराणा दुकानांत ज्वारी मिळते, फक्त पीठ न घेता अख्खा दाणा मागा आणि तो घरीच जाड भरडा.